कंपनीची पहिली वेबसाइट : मालकांना हमखास पडणारे प्रश्न

पाच-पंचवीस माणसांची कंपनी पहिली वेबसाइट करायला घेते तेव्हा चर्चा रंगांवर आणि लोगोवर रंगते. डोमेन (वेबसाइटचं नाव, म्हणजे पत्ता) कोणाच्या नावावर, पासवर्ड कोणाकडे, वर्षभराने मजकूर कोण बदलणार, हे विषय काहीतरी बिघडल्यावर निघतात. खालची उत्तरं या दुसऱ्या विषयांकडे झुकलेली आहेत. रंगांबद्दल इथे फारसं काही मिळणार नाही.

सोशल मीडियावर आमचं पान आहे. वेगळी वेबसाइट कशाला?

पान तुम्ही चालवता, पण जागा दुसऱ्याची. ती कधी बंद करायची, कोणाला काय दाखवायचं, हे तो ठरवतो. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलसोबत, म्हणजे गूगलवर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीसोबत, पूर्वी एक छोटी फुकट वेबसाइट मिळायची. अनेकांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. जून २०२४ पर्यंत ते पत्ते प्रोफाइलकडे वळवले जात होते, नंतर तेही थांबलं. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते नव्या साइटला जोडलं, बाकीच्यांना कार्डं नव्याने छापावी लागली.

तरीही प्रत्येकाला मोठी साइट लागते असं नाही. सगळं काम ओळखीतून येत असेल आणि हातात आहे तेच पुरेसं असेल, तर नाव, काम, पत्ता आणि फोन असलेलं एकच पान करा. डोमेन मात्र स्वतःचं घ्या.

सुरुवात कुठून करायची?

ऑफिसात फोन कोण उचलतं, त्या व्यक्तीपासून. दोन आठवडे येणाऱ्या प्रत्येक चौकशीतला पहिला प्रश्न तिला वहीत लिहून ठेवायला सांगा. 'तुम्ही अमुक काम करता का?', 'किती दिवस लागतील?', 'जागेवर येऊन बघता का?', 'बिल कसं देता?' ही वही म्हणजे तुमच्या साइटचा आराखडा. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं पहिल्या पानावर, उरलेल्यांची आतल्या पानांवर. स्पर्धकांच्या साइट बघून आराखडा केला की त्यांच्या चुकाही सोबत येतात.

किती पानं हवीत?

पाच-सहा पुरतात. 'ताज्या घडामोडी' असा विभाग ठेवू नका. त्यातली शेवटची घडामोड दोन वर्षांपूर्वीची दिसली की बघणाऱ्याला वाटतं, कंपनी चालू आहे की नाही कोण जाणे.

मजकूर डेव्हलपर लिहून देईल ना?

देईल, आणि तो कुठल्याही कंपनीला चालेल असा असेल. समजा तुमची कंपनी वजनकाटे दुरुस्त करते. बाहेरून आलेला मजकूर साधारण असा असतो: 'गुणवत्ता आणि विश्वास यांचा संगम असलेली आमची अग्रगण्य संस्था ग्राहकांना सर्वोत्तम सेवा देण्यास कटिबद्ध आहे.' यातून वजनकाट्याचा पत्ताच लागत नाही.

आता हे बघा: 'आम्ही दुकानातल्या छोट्या काट्यापासून ट्रकच्या काट्यापर्यंत सगळे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. काटा शून्यावर येत नसेल किंवा आकडा हलत राहत असेल तर आधी फोन करा, निम्म्या वेळा फोनवरच काम होतं. न झाल्यास माणूस पाठवतो.' हे वाक्य कोणीही भाड्याने लिहून देऊ शकत नाही, कारण काटा शून्यावर येत नाही म्हणून फोन येतात हे तुम्हालाच माहीत आहे. तुम्ही बोलून रेकॉर्ड करा, दुसऱ्याने उतरवून घ्यावं आणि शुद्धलेखन तपासावं. शिवाय लोक गूगलवर शोधतानाही 'काटा शून्यावर येत नाही' असंच लिहितात, 'अग्रगण्य संस्था' कोणी शोधत नाही.

बहुतेक साइट रखडतात त्या मजकुरापायी. डिझाइन तयार, प्रोग्रामिंग तयार, आणि 'आमच्याविषयी'चा मजकूर साहेबांकडे अडकलेला. म्हणून मजकूर आधी, डिझाइन नंतर.

डोमेन आणि होस्टिंग यांत फरक काय? दोन्ही डेव्हलपरच्या नावावर चालतील का?

डोमेन म्हणजे नाव. ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, ठरावीक मुदतीसाठी नोंदवलं जातं. होस्टिंग म्हणजे ज्या सर्व्हरवर साइटच्या फाइल राहतात ती भाड्याची जागा. या दोहोंना जोडणारी तिसरी गोष्ट डीएनएस. या नावाची साइट कुठल्या सर्व्हरवर, मेल कुठल्या सर्व्हरवर, याच्या नोंदी तिथे असतात. तिन्ही एकाच ठिकाणी विकत मिळतात म्हणून एकच वाटतात. पण त्या स्वतंत्रपणे हलवता येतात, आणि तशा हलवता याव्यात म्हणून आपापल्या जागी समजून घ्याव्या लागतात.

डेव्हलपरच्या नावावर डोमेन अजिबात नको. तो प्रामाणिक असला तरी नको. तो आजारी पडतो, परगावी जातो, व्यवसाय बदलतो, फोन उचलत नाही. डोमेनची नोंद ज्याच्या नावे, तोच रजिस्ट्रारच्या लेखी मालक. पैसे तुम्ही दिले होते हे पटवून देता देता महिने जातात. रजिस्ट्रारकडे खातं कंपनीच्या नावाने उघडा, पैसे कंपनीच्या खात्यातून भरा, आणि डेव्हलपरला कामापुरता प्रवेश द्या. बहुतेक रजिस्ट्रारकडे अशी मर्यादित परवानगी देण्याची सोय असते.

आणखी एक बारकावा. रजिस्ट्रारकडे संपर्काचा ईमेल देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, आणि डोमेन परत सुरू करण्याचं पत्र नेमकं त्याच पेटीत येऊन पडायचं असतं.

नाव कसं निवडावं?

फोनवर एकदा सांगून बघा. समोरच्याने स्पेलिंग न विचारता बरोबर लिहिलं तर नाव चांगलं. नियमाने ६३ अक्षरांपर्यंत जाता येतं, म्हणून जायचं नसतं. मधे आडवी रेघ शक्यतो टाळा, ती सांगताना राहून जाते.

डोमेनची मुदत संपली आणि लक्षातच आलं नाही तर?

डॉट कॉमसारख्या डोमेनना मुदतीनंतर थोडी सवलत असते. ती किती हे रजिस्ट्रार ठरवतो, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. त्या काळात नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण होऊ शकतं, साइट आणि मेल मात्र बहुधा बंदच असतात. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो. तेव्हा नाव परत मिळतं, पण त्यासाठी वेगळं आणि बरंच मोठं शुल्क पडतं. त्यापुढचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि नंतर नाव सर्वांसाठी खुलं होतं. काही रजिस्ट्रार तर सवलतीच्या काळातच नाव लिलावात काढतात. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे असतात, ते नोंदणी करतानाच वाचून घ्या.

डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण पाठवावीच लागते. म्हणजे मेल येतातच. ते दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर येतात, ही खरी अडचण. याच कारणाने पडताळणीचा मेलही हुकतो: नवी नोंदणी केल्यावर किंवा संपर्क बदलल्यावर आलेल्या मेलमधल्या दुव्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही, तर चालू डोमेनही थांबवलं जाऊ शकतं.

आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, कार्डाची मुदत तपासा, आणि तारीख दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये टाका. अनोळखी कंपनीकडून 'तुमचं डोमेन संपतंय, ताबडतोब पैसे भरा' असं बिलासारखं पत्र आलं तर ते केराच्या टोपलीत. तुमचा रजिस्ट्रार कोण हे तुम्हाला नक्की माहीत असेल तरच ते ओळखता येतं.

वर्डप्रेस घ्यावं, तयार बिल्डर घ्यावा, की नव्याने लिहून घ्यावी?

आधी विचारा, पुढे सांभाळणार कोण? ऑफिसात कोणालाच तांत्रिक आवड नसेल आणि डेव्हलपर वर्षातून एकदा भेटणार असेल, तर महिना-वर्षाच्या शुल्कावरचा बिल्डर (तयार साच्यांतून साइट जुळवू देणारी सेवा) बरा. अपडेट आणि सुरक्षा त्यांची डोकेदुखी. तोटा असा की निघायचं ठरलं तर मजकूर आणि फोटो हाताने काढून न्यावे लागतात, साइट तशीच्या तशी उचलता येत नाही.

वर्डप्रेस हे साइट बनवण्याचं आणि चालवण्याचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे आणि जगातल्या सुमारे ४० टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात. म्हणून ते सांभाळणारा माणूस कुठेही मिळतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पण मूळ वर्डप्रेस, थीम (साइटचं रूप) आणि प्रत्येक प्लगइन (जास्तीची सोय देणारा जोड-प्रोग्राम), सगळ्यांना अपडेट लागतात. घुसखोरी होते ती बहुतेक वेळा जुन्या प्लगइनमधून. प्लगइन बसवताना 'हे नसलं तर काय अडेल?' हा एकच प्रश्न विचारलात तरी यादी निम्मी होते.

पूर्णपणे नव्याने लिहून घेतलेली साइट छोट्या कंपनीने शक्यतो टाळावी. लिहिणारा गेला की ती वाचणारा सापडत नाही. अपवाद एकच: दोन-चार साधी पानं, नुसत्या एचटीएमएलमध्ये (वेबपान लिहिण्याच्या मूळ भाषेत). ती वर्षानुवर्षं हात न लावता चालतात, आणि त्यात हॅक करण्यासारखं फारसं नसतं.

डेव्हलपरशी काय लिहून ठरवावं?

काम संपल्यावर काय काय हातात पडेल, ते. रजिस्ट्रार, होस्टिंग, साइटचं प्रशासक खातं, गूगल सर्च कन्सोल (साइट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं साधन), भेटींच्या आकडेवारीचं खातं. या सगळ्यांवर कंपनीची मालकी. विकत घेतलेली थीम-प्लगइन कोणाच्या परवान्यावर आहेत आणि दरवर्षी त्यांचं नूतनीकरण कोण करणार. लोगो आणि डिझाइनच्या मूळ फाइल. फोटो कुठून घेतले. साइट सुरू झाल्यावर किती दिवस फुकट दुरुस्ती आणि 'दुरुस्ती' म्हणजे नेमकं काय. हे एका पानात मावतं. लिहून द्यायला नकार देणारा डेव्हलपर असेल तर तिथेच थांबा.

एसएसएल प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं का?

नाही. साइट आणि बघणारा यांच्यातली माहिती वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून हे प्रमाणपत्र असतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं २०१५ पासून मिळतात आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या ती आपोआप लावून देतात. प्रमाणपत्र हवंच, २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस (अशी सुरक्षित जोडणी) नसलेल्या साइटपुढे 'सुरक्षित नाही' अशी पाटी लावतो. दर वेळी हाताने नवं प्रमाणपत्र लावण्याची पद्धत असेल तर ती बदला. ब्राउझर आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. इतक्या वेळा हाताने कोण लावत बसणार?

संपर्काचा फॉर्म आहे, पण मेलच येत नाहीत.

हा दुखरा विषय, कारण बिघाड दिसत नाही. ग्राहकाला 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' दिसतं आणि इकडे काहीच पोचत नाही. मंदी आहे असं समजून लोक बसून राहतात.

नेहमीचं कारण असं. ग्राहक फॉर्ममध्ये आपला जीमेलचा पत्ता भरतो आणि फॉर्म तुम्हाला मेल पाठवताना 'पाठवणारा' म्हणून तोच पत्ता लावतो. मेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून, नाव सांगतो जीमेलचं. घेणारा सर्व्हर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, म्हणजे या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणाला हे सांगणाऱ्या नोंदी, तपासतो, त्याला ही तोतयेगिरी वाटते, आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा परस्पर फेकला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम आणखी कडक केले, तेव्हा वर्षानुवर्षं चालणारे फॉर्मही मुके झाले.

उपाय सोपा. पाठवणारा पत्ता तुमच्याच डोमेनवरचा ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता 'उत्तर द्या' या खान्यात जाऊ द्या. मेल होस्टिंगच्या भरवशावर न सोडता रीतसर एसएमटीपीमधून (लॉगिन करून मेल पाठवण्याच्या सोयीतून) पाठवा, डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकिमच्या नोंदी करा. आणि भरलेला प्रत्येक फॉर्म साइटच्या डेटाबेसमध्येही साठवा, म्हणजे मेल हरवला तरी चौकशी हरवत नाही. शेजारी फोन नंबर लिहा, तो चित्रात नको. मोबाइलवर बोट लावलं की फोन लागला पाहिजे.

साइट फार हळू उघडते.

दहापैकी आठ वेळा फोटो. मोबाइलवर काढलेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला जातो आणि पानावर पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. चढवण्याआधी रुंदी १६०० पिक्सेलच्या आत आणा, वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात साठवा. फोटो २०० केबीच्या आसपास येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. गूगलच्या मोजपट्टीनुसार पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. पहिल्या पानावर आपोआप सरकणारे पाच मोठे फोटो असले तर ते विसरा. तसंही दुसऱ्या फोटोपर्यंत कोणी थांबत नाही. मालकांना मात्र ते फार आवडतात.

साइट होऊन महिना झाला, गूगलवर दिसत नाही.

वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमधल्या रीडिंग पानावर जा. सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाचा एक चौकोन तिथे आहे. काम चालू असताना डेव्हलपर त्यात खूण करतो, ते योग्यच, पण साइट सुरू करताना ती काढायला विसरतो.

खूण नसेल तर सर्च कन्सोलमध्ये साइटची मालकी सिद्ध करा, साइटमॅप (पानांची यादी) द्या आणि काय तक्रार दिसते ते बघा. कंपनीचं नाव टाकून साइट दिसते पण कामाचं नाव टाकून दिसत नाही, असं असेल तर वजनकाट्याचं उदाहरण पुन्हा वाचा.

'महिन्यात पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे फोन येतात. खरं असतं का?

नसतं. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं.

देखभाल म्हणजे नक्की काय करायचं?

महिन्यातून एक तास, एका नेमून दिलेल्या माणसाचा. 'सगळ्यांनी मिळून बघायचं' म्हणजे कोणीच बघत नाही. तो माणूस स्वतःच्या मोबाइलवर, ऑफिसचं वाय-फाय बंद करून साइट उघडतो. फॉर्म भरतो आणि मेल आला का, कुठल्या पेटीत आला, ते बघतो. फोन नंबर दाबून बघतो. आधी बॅकअप घेतो, मग अपडेट लावतो, मग पुन्हा पानं उघडून काही मोडलं नाही ना ते पाहतो. सोडून गेलेल्यांची खाती काढून टाकतो. सुट्ट्या, वेळा, पत्ता, माणसांची नावं बरोबर आहेत का, तेही वाचतो. वर्षातून एकदा सगळा मजकूर मोठ्याने वाचावा. आता न करत असलेली कामं तेव्हा सापडतात.

बॅकअप होस्टिंगवाले घेतात ना?

घेत असतील. पण त्याच सर्व्हरवर, त्याच खात्यात ठेवलेली प्रत, ते खातं बंद झालं की साइटबरोबरच जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम इथेही चालतो. फाइल आणि डेटाबेस दोन्ही हवेत. नुसत्या फाइल घेतल्या तर वर्डप्रेसचा सगळा मजकूर मागे राहतो. आणि बॅकअपमधून साइट एकदा तरी प्रत्यक्ष उभी करून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही, सांगता येत नाही.

हॅक झाली हे कसं ओळखायचं?

तुम्हाला साइट व्यवस्थित दिसते आणि तरी ती हॅक झालेली असते. घुसखोर हजारो बनावट पानं घालून ठेवतात, ती फक्त सर्च इंजिनला दाखवतात. गूगलमध्ये 'साइट' या इंग्रजी शब्दानंतर विसर्गासारखं चिन्ह देऊन आपलं डोमेन लिहा. निकालांत अनोळखी भाषेतली पानं, स्वस्त पर्स, औषधं दिसली तर साइट हॅक झालेली आहे. बनावट पानं पुसून भागत नाही, ज्या दारातून आले ते बंद करावं लागतं. सगळे पासवर्ड बदला, स्वच्छ बॅकअपवरून साइट उभी करा, अपडेट लावा, मगच चालू करा.

होस्टिंग बदललं आणि ईमेल बंद पडला. असं का?

नव्या होस्टिंगवाल्याने 'आमचे नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) लावा' म्हटलं आणि तुम्ही लावले. त्याबरोबर डीएनएसच्या सगळ्या नोंदी नव्या जागी गेल्या, पण मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद तिथे कोणी लिहिलीच नव्हती. नेमसर्व्हर न बदलता साइट कुठल्या सर्व्हरवर हे सांगणारी ए नोंद तेवढी बदलली असती तर मेलला धक्का लागला नसता. बदलण्याआधी जुन्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. आदल्या दिवशी ए नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती किती वेळ जपून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो आणि चुकलं तर लवकर मागेही घेता येतं.

साइट नव्याने केली तर जुने दुवे?

प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे कायमची वळवणी, लावा. सगळे दुवे मुख्य पानावर वळवणं ही पळवाट झाली. वाचकालाही त्याचा उपयोग नाही, गूगललाही नाही.

गूगलवर सापडलेले फोटो वापरले तर चालतात का?

नाही. तुमच्या कामाचे, तुमच्या माणसांचे, मोबाइलवर काढलेले फोटो वापरा. थोडे वेडेवाकडे असले तरी चालतील.

किती लोक साइट बघतात हे रोज तपासावं का?

रोज नको. भेटींच्या आकड्यात आपोआप फिरणारे प्रोग्रामही (बॉट) मिसळलेले असतात. फोन करणाऱ्याला 'आमचा नंबर कुठे मिळाला?' असं विचारून वहीत लिहिलं तर छोट्या कंपनीला त्यातून जास्त कळतं. आकडेवारीचं साधन लावलंत, फॉर्ममधून लोकांची माहिती घेतलीत, तर ती कशासाठी घेता आणि किती दिवस ठेवता हे सांगणारं पान मात्र ठेवा. आणि नको ती माहिती मागू नका. चौकशीसाठी जन्मतारीख कशाला?

कंपनी किंवा साइट बंद करायची असेल तर?

साइट एका दिवसात बंद करा, डोमेन नको. तुम्ही सोडलेलं नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि नाव घेतलं की त्या नावावरचे ईमेलही त्याच्याकडे येऊ लागतात. बँक, पुरवठादार, सोशल मीडिया, क्लाउडवरची कागदपत्रं, जिथे जिथे कंपनीच्या ईमेलने खातं उघडलं असेल तिथे 'पासवर्ड विसरलो' दाबून तो आत शिरू शकतो. म्हणून आधी अशा सगळ्या खात्यांची यादी करा, प्रत्येक खातं बंद करा किंवा त्याचा ईमेल बदला, आणि त्यानंतरही दोन-तीन वर्षं डोमेनचं शुल्क भरत राहा. जुन्या पत्त्यावर कोणाकोणाचे मेल अजून येतात ते या काळात कळतं, आणि यादीत राहून गेलेली खातीही त्यातूनच सापडतात.